वेलाचा माथा

प्रिय रोडाताई,

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ अडते, म्हणून लिहितेय. आईंना दवाखान्यातून घरी आणलंय. घोरपड नको, मासा नको, नुसता गोड चहा. तुझा भाऊ उशाशी बसून असतो. तू डार्विन शहरात कामाला गेल्यापासून त्या तुझं नाव रोज काढतात.

आपल्या टेकडीवरच्या गुहेत खणणारी मंडळी गेल्या महिन्यात परत आली होती. खोल खाली, जुन्या चुलीच्या राखेत त्यांना जळका कंद सापडला, शेती कुणाला ठाऊक नव्हती तेव्हाचा. त्यांच्यातली एक पोरगी मला विचारते, म्हणजे तेव्हाची माणसं हाताला लागेल ते खायची ना? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, चल, कंद शोधून काढायला काय काय ठाऊक असावं लागतं ते दाखवते. आई म्हणाल्या, नोएला, उगाच तोरा नको. मी कसली ऐकते! तुमच्या वडिलांच्या रानात, ओढ्याकाठी, वाळका वेल धरून खणत गेले. शिरताना हाक मारून तिथल्या जुन्याजाणत्यांना, आपल्या गेलेल्या पूर्वजांना, सांगायचं असतं, तेही राहिलं. हातभर कंद निघाला. कंद घ्यायचा आणि वेलाचा माथा मातीतच ठेवायचा, म्हणजे तो पुन्हा धरतो, हे तूच मला शिकवलंस. पण फोटोत अख्खा दिसावा म्हणून मी माथ्यासकट उपटला. टाळ्या पडल्या, मी फुगले. त्यांनी मागितला तर देऊनही टाकला. खोक्यात बसून शहरात गेला तो. मागोमाग आलेल्या आईंनी रिकाम्या खड्ड्यात हात घालून चाचपलं आणि म्हणाल्या, पोरी, माथा कुठाय? म्हातारी गंमत करतेय असं वाटून मंडळी हसली. त्यांच्याबरोबर मीही हसले, ताई. त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

तापानंतर आईंच्या डोक्यातून ते सगळं पुसलं गेलंय. परवा नर्सबाईंना सांगत होत्या, सून आली तेव्हा हिला खणायची काठी धरता येत नव्हती, पण आजवर एका वेलाचा माथा तोडला नाही हिनं. मी कपडे वाळत घालायचं निमित्त करून बाहेर पळाले.

आता त्या ओढ्याकाठचाच कंद मागतात, आणि माझ्याच हातचा. मला तिथं जायला तोंड नाही. तुझ्या भावाला विचारलं तर म्हणतो, ताई थोरली, त्या रानात तिचा शब्द चालतो, तिला विचार, आणि झालं ते आधी सांग. ते सांगितलं. आता तू हो म्हण. नाहीतर तूच ये आणि खण, मी मागून पिशवी धरून चालेन. पण लवकर कर, आज सकाळपासून त्यांनी चहाही घेतलेला नाही.

तुझीच,
नोएला