आवाज फाटू नये म्हणून

प्रिय दिव्यानीताई,

पाकिटात कागदाच्या घडीत मेमरी कार्ड आहे, आधी ते सांभाळून काढ. व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर आवाज दाबला गेला असता, आणि त्या आवाजापायी मी पंधरा दिवस घातलेत. घरी केलेलं रेकॉर्डिंग न फाटता मोठं कसं करायचं, एवढं एकच खूळ सध्या डोक्यात आहे. धान घरात आलं, समोरच्या खोलीत पोती छताला लागली, आणि माझ्या लक्षात आलं की अख्ख्या गोंडपिपरीत याच्याहून चांगला स्टुडिओ सापडायचा नाही. पोत्यांवरून आवाज परत येतच नाही.

गाणारे अर्थात बाबा. तुझ्या लग्नाला चार वर्षं झाली, चार वर्षं त्यांनी तुझं नाव काढलं नाही, आणि मीही भित्रेपणाने तो विषय टाळत आलो. म्हणून "माही दंडारीची गाणी उतरवून घे" असं ते आपणहून म्हणाले, तेव्हा मला वाटलं, म्हातारपणाची हौस असेल. पण बाबा पडले दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचा नाच-गाण्यांचा खेळ करणारे गडी. तेव्हा माइक नसायचा, शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा. आता मोबाइल समोर ठेवला की ते त्यालाच शेवटचा माणूस समजतात. पहिल्याच ओळीला मोबाइलवरची आवाजाची पट्टी लाल, आणि ऐकावं तर पत्र्यावर गिट्टी पडल्यासारखं. मोबाइल लांब ठेवला तर बाबा बारीक आणि शेजारचा कोंबडा मोठा.

मग मी शोधत बसलो. गंमत बघ, बाबा जितके जोरात गात, तितका रेकॉर्डिंगचा आवाज लहान ठेवावा लागे. एका उसळलेल्या तानेपायी अख्खं गाणं खाली राही. कॉम्प्युटरवर मी तेवढेच उसळलेले तुकडे दाबले आणि मग सगळं वर उचललं. बरंच जमलं. फार दाबलं की गाण्यातला जीव जातो, हेही कळलं. तरी बाबांचं आपलं एकच, "अजून मोठा कर." शेवटी वैतागून मी विचारलं, एवढं मोठं कोणाला ऐकवायचंय? तर खाली बघत म्हणाले, "नाशिक लांब हाये ना. तिले आयकू आलं पायजे."

 मी म्हटलं, ताई मोबाइल कानाशी धरेल, तुम्ही तिच्या कानाशीच बोला. ते उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच स्टूल ओढून मोबाइलपासून वीतभर अंतरावर बसले आणि गायले. इतकं हळू मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. पट्टी एकदाही लाल झाली नाही, म्हणून नंतर हवं तेवढं मोठं करता आलं. शेवटच्या कडव्यात ते मध्येच थांबलेत. आई म्हणाली, तेवढं काढून टाक. मी ठेवलंय. हे सगळं ते स्वतः तुला कधीच सांगणार नाहीत, म्हणून हे पत्र. ऐकून झालं की कुठे आवाज फाटलाय का ते मला कळवू नकोस, त्यांना फोन करून सांग. दुपारी ते घरीच असतात.

तुझाच,
प्रणित