हात वर न करता

फिंतास, कुवेत

प्रिय ज्ञानदा,

बायकांना आपलं मत आपणच देता यावं, म्हणून तू परदेशी निरीक्षकांबरोबर मलावीतल्या मतदान केंद्रांवर दिवसभर बसतेस. छान! इथे तुझ्या दादाने माझा इथे राहायचा परवाना, इकामा, वाढवायचा नाही, मला नाशिकच्या वृद्धाश्रमात ठेवायचं, असं ठरवून टाकलं. मी तेव्हा चहा गाळत होते.

"आई, सगळ्यांच्या सोयीचं आहे."

"सगळ्यांत मी कुठे होते रे?"

"मम्मी, चहा निवतोय," सूनबाई म्हणाली.

तुझी फार आठवण येते गं. हे पत्र धाडलं, तर तू सगळं टाकून येशील. मग तिथल्या रांगेतल्या बायकांकडे कोण बघणार? म्हणून धाडत नाही.

शाळेत नन्सनी मला हात वर करूनच बोलायला शिकवलं होतं. उद्या जेवताना तुझ्या रिकाम्या खुर्चीत बसेन आणि हात वर न करता "नाही" म्हणेन.

तुझी वाट पाहणारी,
आई