दोघांचं टेबल, एक वाजता

७ जानेवारी १९५९, बुधवार. तलासरी.

यांचं पत्र आलं. पोर्ट सैदचा शिक्का. जमनाबेन खालच्या दुकानातूनच ओरडली, "बेन, कागळ आव्यो!" माझा नवरा मला लिहितो हे आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

चार पानं. त्यातली तीन टेबलांची. बोटीवर अगदी वरच्या मजल्यावर एक लहान जेवणघर आहे, खास. सोळाच टेबलं. तिथे जेवायचं तर आधी नाव नोंदवावं लागतं, आणि ती नोंदणीची वही यांच्याकडे. अक्षर चांगलं म्हणून दिली, त्याला सहा वर्षं झाली. सकाळी वही उघडली की साहेब-मडमांची रांग. प्रत्येकाला खिडकीजवळचं हवं. लिहितात, "नाही म्हणायचं, पण समोरच्याला वाटलं पाहिजे की आपण हो म्हणतोय. मला आता ते जमतं."

चौथ्या पानावर: २४ तारखेला बोट मुंबईला. एकच दिवस थांबणार, घरी येणं होणार नाही. तू ये. पास पाठवतो. चीफसाहेबांना विचारून तुझ्या नावाने टेबल लिहिलंय. दोघांचं, एक वाजता.

मे महिन्यात जाताना म्हणाले होते, ही शेवटची फेरी. त्याच भरवशावर मी इथल्या शाळेतून डहाणूला बदलीचा अर्ज केला. त्याबद्दल पत्रात काही नाही.

११ जानेवारी, रविवार. धाकटी डहाणू.

काल चारोटीला गाडी चुकली, घरी पोचायला अंधार झाला. सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं. बोंबील वाळत घालता घालता ऐकत होत्या.

"म्हणजे एवढ्या लांब जायचं, जेवायचं आणि परत यायचं?"

"हो."

"आणि माझा हिरा?"

"ते पुढे ऑस्ट्रेलियाला."

उरलेले बोंबील दोरीवर टाकले. मग म्हणाल्या, "हिरवं लुगडं नेस. नको, ते जुनं झालं."

१९ जाने., सोमवार. तलासरी.

शाळा सुटल्यावर खोलीत दार लावून काटा-सुरीचा सराव. काटा नाही, सुरी नाही. पट्टी आणि पेन्सिल घेऊन भाकरी कापून पाहिली. हसायला आलं. एकटीच हसले, मग आपोआप थांबलं.

जमनाबेनने स्वतःची रेशमी साडी दिली. ती विधवा, नेसणार नाही म्हणते. मी नको म्हटलं. तिने घडी माझ्या हातावर ठेवली आणि वर पाहिलंच नाही.

२५ जाने., रविवार. धाकटी डहाणू.

काल लिहायला जमलं नाही. आज क्रमाने लिहिते.

पहाटेच्या टांग्याने स्टेशन, गाडी, मग विचारत विचारत बॅलार्ड पिअर. पास दाखवला. बोट इतकी मोठी की ती बोट आहे हे जवळून कळतच नाही, नुसती पांढरी भिंत. जिने चढून वर गेले. काचेच्या दारापाशी उंच डेस्क, त्यावर वही, आणि मागे हे. पांढरा कोट, पांढरे हातमोजे. आठ महिन्यांनी पाहत होते. गाल बसलेत.

"गुड आफ्टरनून, मॅडम."

मला वाटलं थट्टा. पण डोळे हसत नव्हते. मागे एक गोरा साहेब उभा होता.

वहीत बोट फिरवून माझं नाव शोधलं. मिसेस एस. तांडेल. मला खिडकीजवळ नेलं, खुर्ची ओढून दिली. समोर दुसरी खुर्ची, दुसरी बशी. मी बसले आणि यांनी समोरची बशी उचलली. मग काटे, सुरी, रुमाल, ग्लास. एकेक करून.

"तुम्ही?"

"ड्यूटीवर आहे मी, सुमन. हळू बोल."

मला वाटलं होतं... काय वाटलं होतं ते आता लिहून उपयोग नाही. पत्रात 'दोघांचं' लिहिलं होतं. त्यांच्या भाषेत ते टेबलाचं माप आहे, एवढंच.

मासा आला. काटा नाही, डोकं नाही, वर पांढरं काहीतरी. शेजारच्या मडमेने माझ्याकडे पाहून मान हलवली, चांगल्या मनानेच. तेच जास्त लागलं. हे दाराशी उभे. माझ्याकडे दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा बारीक खुणेने सांगितलं, आतल्या बाजूचा काटा नव्हे, बाहेरचा.

जेवण झाल्यावर भटारखान्यामागच्या बोळात वीस मिनिटं मिळाली. सासूबाईंनी दिलेला डबा काढला. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. यांनी उभ्याउभ्या खाल्लं सगळं. हातमोजे खिशात कोंबले होते. तेवढ्यापुरते ते माझे होते.

मग म्हणाले, "नवी बोट येतेय. चीफ म्हणतात, तूच ये. चाळीस टेबलं. दोन वर्षांचा करार."

"तुम्ही काय म्हणालात?"

"अजून काहीच नाही. तुला विचारल्याशिवाय कसं म्हणेन? पण संधी मोठी आहे. तसं बघ, तुझीही शाळा आहेच. दोन वर्षं म्हणजे काय..."

इतकं गोड बोलत होते की मला ती रीत ओळखू आली. रांगेतल्या लोकांना असंच नाही म्हणतात.

"तुम्ही हो सांगून बसलात," मी म्हटलं.

घंटा झाली. हातमोजे घालत घालत म्हणाले, "परतीच्या वेळी बोलू. मार्चात."

रात्री घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय दिलं जेवायला?"

"मासा."

"कंचा?"

"नाव कळलं नाही."

"डोकं होतं?"

"नव्हतं."

"मग कसं कळणार," म्हणाल्या.

१२ फेब्रु., गुरुवार. तलासरी.

बदली मंजूर. डहाणू, मुलींची शाळा. वीस मार्चच्या आत संमतीची सही करून पाठवायची. हेडमास्तर म्हणाले, "अभिनंदन, बाई. आता घरी राहाल." मी हो म्हटलं. कागद पिशवीत ठेवला.

घरी म्हणजे कुणाच्या.

इथे ही खोली माझी आहे. खिडकीतून ताडाची झाडं, खाली जमनाबेनचा तराजू. चौथीतल्या मुली रविवारी मुद्दाम वळसा घालून जातात, बाई आहेत का बघायला. बाई नसतात.

२२ फेब्रु., रविवार. धा. डहाणू.

बदलीचं अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर सासूबाई आनंदाने गावभर सांगतील, आणि मग माझं काही उरणार नाही. नव्या बोटीचं मात्र सांगून टाकलं. जाळ्याचा दोरा दातांनी तोडत म्हणाल्या, "माझा घरधनी आठ-आठ दिवस दर्यात असायचा. आठ दिवसांची सवय होते गं. तुझं कसं करायचं ते मला सांगता येत नाही."

कुणीतरी एवढं तरी म्हटलं.

३ मार्च, मंगळवार. तलासरी.

परतीत बोट कोलंबोला थांबते, तिथल्या पत्त्यावर पत्र टाकलं. तीन कागद फाडले. पहिल्यात रागावले होते, दुसऱ्यात रडले होते, तिसऱ्यात तब्येतीची चौकशी होती. चौथं पाठवलं, एवढंच:

"डहाणूची बदली मिळाली आहे. मी कुठे राहायचं ते सांगू नका. तुम्ही कुठे राहणार ते सांगा."

पेटीत पडल्यावर वाटलं, फार कोरडं झालं. पोस्टमन पेटी उघडेपर्यंत तिथेच उभी राहिले. पत्र परत मागितलं मात्र नाही.

१४ मार्च, शनिवार. धा. डहाणू.

इथे आले तर तार आलेली. सासूबाईंनी फोडली नव्हती, देवापाशी ठेवली होती. मुंबईहून. रविवारी सकाळच्या गाडीने येतो. बाकी काही नाही.

पत्र मिळालं का, तेही नाही.

१५ मार्च, रविवार.

सासूबाई पहाटे बंदरावर जाऊन पापलेट घेऊन आल्या. मी तांदूळ निवडले. कोंबडा, विहीर, शेजारची भांडी, सगळं रोजच्यासारखं. संमतीचा कागद पिशवीत आहे. सही केलेली नाही. पाच दिवस उरलेत.

आताच सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हात ओले.

"राहणार ना गं तो?"

"तारेत लिहिलेलं नाही."

"मग तूच विचार स्टेशनावर. घरी आणून विचारू नकोस. माझ्यासमोर तो खरं बोलायचा नाही."

टांगा आलाय. निघते.