पंपाजवळचा माणूस

११ जून
बाबांचे बूट खोक्यात कोंबत होते, तेवढ्यात त्यांच्या फायर स्टेशनचे ऑफिसर दारात. रविवारी शोकसभा.
"ताई, मुलगी म्हणून तुम्हीच बोला. कापडाच्या गोदामाची आग सांगाच. मागच्या खिडकीतून पाच वर्षांची पोर काढली त्यांनी. पदक मिळालं. ती पोर आता मोठी बाई झालीय, त्यांनाही बोलावलंय."
हो म्हटलं.

१२ जून
काय सांगायचं? चौतीस वर्षं नोकरी. लग्नाला गेले की आधी बाहेर पडायची दारं मोजायचे, मग नवरानवरीकडे बघायचे. माझ्या वेण्या तेच घालायचे — आईपेक्षा घट्ट. आई म्हणायची, "जगाच्या आगी विझवतात, घरात दूध उतू घालवतात."
पदकाबद्दल मात्र बाबांनी कधी चकार शब्द काढला नाही.

१३ जून
ड्रायव्हरकाका आले. बाबांच्या बंबाचा पंप तेच सांभाळायचे. आता एक्याऐंशीचे. भाषण वाचून दाखवलं. मी खिडकीच्या वाक्यापाशी आले, तर काका म्हणाले, "थांब. ती पोर मी काढली."
आत माणसं पाणी मारत असताना ड्रायव्हरनं पंप सोडायचा नसतो. दाब पडला तर आतले संपले. काकांना खिडकीत पोर दिसली — पंप सोडून शिडी लावली. दाब टिकला, हे नशीब. काकांची नोकरी जाणार हे नक्की होतं. बाबांनी अहवालात लिहिलं: मी गेलो होतो.
"पदक मिळालं तेव्हा तुझा बाप आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. जसं काही मीच दिलं."
मग म्हणाले, "सांगू नकोस. गेलेल्या माणसाला खोटं पाडशील?"

१४ जून
सांगितलं तर बाबा खोटे. नाही सांगितलं तर त्या बाई भलत्याच माणसाचे आभार मानून घरी जाणार.
आई भाजी निवडत होती. तिला सगळं माहीत होतं. वर न बघता म्हणाली, "पोर त्यांनी काढली. ह्यांनी त्यांचा संसार वाचवला. दोन्ही सांग की. त्यात खोटं कोण पडतं?"

१५ जून, रविवार
दोन्ही सांगितलं. ऑफिसर खुर्चीत चुळबुळले. काका मधूनच उठून गेले. माझ्याकडे बघितलंही नाही.

१६ जून
सकाळी काकूंचा फोन. त्या बाई आठ वाजल्यापासून त्यांच्याकडे येऊन बसल्या आहेत.
"आणि हे बाहेरच येत नाहीत गं. दाढी करतायत."