चोवीस तासांसाठी एक माणूस

३ फेब्रुवारी, मंगळवार
गॉलवेला जाऊन डॉक्टर सोरका कीन यांना भेटलो. हृदयाची झडप अरुंद झाली आहे म्हणतात. जिना चढताना दम लागतो तो त्यामुळे. माझा संशय नवीन बुटांवर होता.

छाती उघडणार नाहीत. जांघेतून नळी घालून तिच्यातून नवी झडप वर सरकवायची. नळी आत जाताना बारीक, झडप जाताना घड्या उलगडून तेवढ्यापुरती रुंदावते, मग परत मिटते. हे त्या मला समजावत होत्या. मला. त्याच नळीच्या घड्या एकोणीस वर्षं कारखान्यात मी बसवल्यात. मग मीच त्यांना चित्र काढून दाखवलं. पंचवीस मिनिटं लागली. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण दार उघडं होतं, त्यांनाही फायदा झाला असेल.

ऑपरेशन २५ ला. फॉर्मवर शेवटचा रकाना: घरी नेणारी आणि चोवीस तास सोबत राहणारी व्यक्ती. तूर्त कोरा. तीन-चार नावं आहेत. एकाला सांगितलं की बाकीचे नाराज होणार, म्हणून विचार करून ठरवतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार
कारखान्यात. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी गुरुवार चुकवत नाही. नव्या लोकांना घड्यांचं शास्त्र कोण सांगणार? आज दोघं आले. एक जण चार्जर शोधत आला होता, पण थोडा वेळ थांबला.

अट्रॅक्टा फाहीला विचारायचं पक्कं केलं होतं. ती नळ्या तपासणाऱ्या विभागात आहे. नवरा जाऊन चार वर्षं झाली. आम्ही जेवायला एकाच टेबलावर बसतो. (टेबल लांब आहे.) आज ती आपणहून जवळ आली. म्हणाली, मॅलकी, पांढराफटक पडलायस, बरं वाटतंय ना? म्हटलं, कँटीनचे दिवे खराब आहेत. तिनं दिव्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ट्रे उचलून गेली.

पाया घातला गेला. पुढच्या गुरुवारी विचारतो.

८ फेब्रुवारी, रविवार
निश्चय: भाचीला फोन करायचा आणि पहिल्या दोन मिनिटांत मुद्द्यावर यायचं.

ग्रॉन्या एनिसला असते. चाळीस मिनिटं बोललो. पाऊस, तिच्या स्वयंपाकघरातल्या फरशा, कुत्र्याचे दात. शेवटी तीच म्हणाली, मामा, काही काम होतं का? म्हटलं, छे, सहज. एकवीसपासून दहा दिवस ती लान्झारोटे बेटावर सुट्टीला आहे. जाऊ दे, पोरीला जरा ऊन मिळू दे. पोरगी एकोणपन्नास वर्षांची आहे.

म्हणजे अट्रॅक्टाच. एका अर्थी बरं झालं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
गेटवर कार्ड लागेना. सॉफ्टवेअर. वॉचमन फेस्टस म्हणाला, मॅलकी, तुमचं नावच यादीत नाही. म्हटलं, यादी चुकली असेल, वर विचार. मॅनेजर डेक्लन हेशन स्वतः खाली आला, कोट न घालता, पावसात. म्हणाला, ट्रेनिंग आता व्हिडिओवर असतं, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, खरं तर सांगणं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं. मग माझा हात बराच वेळ धरून उभा राहिला.

उघड आहे, ऑपरेशनचं कुठून तरी कळलंय आणि मला दगदग नको म्हणून ही युक्ती. ऑपरेशननंतर पुन्हा बोलावतील.

तेवढ्यात अट्रॅक्टाची गाडी आली. काच खाली करून म्हणाली, आत नाही येत? म्हटलं, नाही, एकाची वाट बघतोय. म्हणाली, मग छत्री तरी घे. स्वतःची दिली आणि आत गेली.

विचारायला ती जागा योग्य नव्हती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ११
हॉस्पिटलातून नर्स कॉन्सेप्टाचा फोन. रकाना कोरा आहे म्हणाली. म्हटलं, निवड चालू आहे. ती म्हणाली, निवड नको, नाव हवं, नाहीतर तारीख पुढे जाईल. खिडकीतून टायग क्वॉल्टर गाईंना चारा टाकताना दिसत होता. त्याचं नाव दिलं. नंबरही दिला. पाठ आहे, कसा कोण जाणे.

टायग शेजारी आहे. कुंपणावरून वाजल्यापासून अकरा वर्षं आमचं बोलणं नाही. चूक त्याची होती. म्हणून पहिलं पाऊल मी टाकलं तर मोठेपणा माझाच.

उद्या सांगतो.

१८ फेब्रुवारी
त्याच्या फाटकापर्यंत गेलो. कुत्रा सुटा होता.

१९ फेब्रुवारी
कुत्रा बांधलेला होता. पण टायग कामात होता.

२० फेब्रुवारी
चिठ्ठी लिहिली. अक्षर नीट आलं नाही. पुन्हा लिहिली. पोस्टानं पाठवावी का? घर साठ पावलांवर आहे. निघालो, पण दोनदा थांबावं लागलं मधे, म्हणून चिठ्ठीसकट परतलो. वारा होता.

२३ फेब्रुवारी, सोमवार
टायग स्वतः दारात. टोपी डोक्यावरच. म्हणाला, कॉन्सेप्टा नावाच्या बाईचा फोन होता, म्हणते मी तुझा जवळचा माणूस आहे. मी म्हटलं, फॉर्मची भाषा तशीच असते. म्हणाला, अकरा वर्षांत तुला दुसरं कुणी सापडलं नाही? मी म्हटलं, खूप जण आहेत, पण तू जवळ राहतोस. त्यानं पायरीवर बुटांचा चिखल खरवडला. मग म्हणाला, शुक्रवारी दुपारी न्यायला येतो, चोवीस तास म्हणजे चोवीस तास, गाईंना सकाळी जाऊन येईन.

बघा. सरळ बोललं की कामं होतात.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
घरी आलो.

परवा ऑपरेशनच्या वेळी जागाच होतो. डॉक्टर कीनना सूचना देत होतो. त्या म्हणाल्या, मॅलकी, शांत पडून राहा. शेवटी विचारलं, दुसरी घडी नीट उघडली का? म्हणाल्या, आता घड्या नसतात हो, चार वर्षं झाली, विणलेली जाळी असते. मग मी शांत पडून राहिलो.

काहीच दुखलं नाही. फार चांगली नळी आहे.

टायग अडीचला घेऊन आला. अंडी उकडली. टीव्हीवर मॅच बघतोय. मधेच दारात येऊन मी श्वास घेतोय का ते बघून जातो. मी डोळे मिटून घेतो.

२८ फेब्रुवारी, शनिवार
अडीचला टायग उठला. कप विसळला, टोपी घातली. म्हणाला, चोवीस झाले. मी म्हटलं, हो, झाले. फाटक लावल्याचा आवाज आला.

तीनला वॉर्डातून नर्सचा फोन. जखमेतून रक्त नाही ना, ताप नाही ना. मग विचारलं, सोबत कोणी आहे का? म्हटलं, होता, आत्ताच गेला. ती म्हणाली, पुन्हा येणार आहे का?

म्हटलं, विचारलं नाही.