पिक्चरमध्ये नसलेली स्टेप

शनवारा, बुऱ्हाणपूर
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय कवे,

नाशिकला तुम्ही सगळे सुखरूप असाल असं धरून चालते. आम्हीही आहोत.

नेपानगरला मिलच्या मैदानावर पिक्चर लागायचा, तेव्हा आपण पडद्याच्या मागे बसायचो, आठवतं? पुढे साहेबलोकांच्या खुर्च्या, त्यांच्यामागे कामगारांच्या सतरंज्या, आणि तिथे जागा नाही मिळाली की आपल्यासारखी पोरं पडद्याच्या पाठीमागे, थंड वाळूत. नावं उलटी दिसायची, म्हणून नटनट्यांना आपणच नावं दिली. आई जिला चवळीच्या शेंगेसारखी म्हणायची ती आपली चवळी, आणि तिच्यासोबत नाचणारा तो मफलरवाला. त्यांचा जोडीचा नाच आपण पाठ केला. गॅदरिंगमध्ये सिस्टरनी आपल्याला रांगेत उभं केलं, बाजा सुरू झाला, सगळ्या मुली उजवीकडे गेल्या आणि आपण दोघी डावीकडे. सिस्टर केवढ्या रागावल्या. तू खाली मान घालून म्हणालीस, "सिस्टर, आम्ही पलीकडून बघितलं होतं." मग त्यांनाच हसू आवरेना.

मी अजून तो नाच पडद्यामागूनच नाचते. आता मोबाइलवर समोरून दिसतो, तर मला तोच चुकीचा वाटतो.

पत्र का लिहिते असं तुला वाटेल. तुझे फोन येऊन जातात आणि मी उचलत नाही. सूनबाई सांगते, मम्मी झोपल्या आहेत. ती खोटं बोलते ते माझ्या सांगण्यावरून. तिच्यावर राग धरू नकोस.

इकडे थंडी सरत आली. केळीचे ट्रक भरून जातात, अख्ख्या रस्त्यावर पानं पडलेली असतात, त्यावरून पाय घसरेल म्हणून मी हल्ली फारशी बाहेर निघत नाही. रितेशचे लूम बरे चालले आहेत. माझे जुने पिक्चर तर चालूच असतात. तुला गंमत वाटेल, त्या मफलरवाल्याचे चाहते अजून आहेत. मोबाइलवर आमचा एक ग्रुप आहे, त्यात कानपूरचे एक रिटायर्ड पोस्टमास्तर आहेत. कुठल्या गाण्यात चवळीनं कुठल्या पायावर पहिली गिरकी घेतली, यावर ते लोकांशी भांडतात. मी त्यांना लिहिलं की माझ्या मते दुसऱ्या पायावर. ते म्हणाले, "बहनजी, आपने फिल्म देखी भी है?" मी काय सांगणार.

अक्षर वाकडं दिसत असेल. पेन नवं आहे. नाही कवे, पेन जुनंच आहे. इथवर लिहायला मला सकाळ गेली.

हिमानी संध्याकाळी शाळेतून आली की आम्ही दोघी पुढच्या खोलीत नाचतो. मी मफलरवाला, ती चवळी. गेल्या पावसाळ्यात एकदा नाचता नाचता ती मधेच थांबली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, ये वाली स्टेप पिक्चरमध्ये नाहीच आहे."

"कोणती गं?"

तिनं डावा हात थोडा वर नेला, बोटं एकामागून एक उघडली आणि मिटली, आणि खांदा जरासा उडवला. मग म्हणाली, "तू रोज करते. मस्त दिसते."

मी हसले. म्हटलं, ती आजीची स्पेशल आहे. पण मी तसं काही केलं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आणि ती स्टेप मी ओळखली. तूही ओळखली असशील. वाचताना तुझा स्वतःचा हात बघू नकोस, एवढं ऐक.

पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या पोरी ओट्यावर तीच स्टेप करत होत्या. हिमानीनं शिकवली. चार-पाच लहान हात तसे वर जाताना मी खिडकीतून पाहिले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

आता आईबद्दल लिहिते. आपण दोघी तिच्या साड्यांबद्दल बोलतो, तिच्या हातच्या शेवभाजीबद्दल बोलतो, तिच्या हातांबद्दल कधीच बोललो नाही. तू लहान होतीस. तुला आठवतं ते मंगळवारचं. क्वार्टरच्या दारात चपलांचा ढीग, आणि आई पाटावर बसलेली, मान हलतेय, बोटं चालतायत, पाय आपोआप पुढे सरकतोय. बाया खण-नारळानं तिची ओटी भरायच्या. "माय, पोराले नोकरी लागू दे. माय, काही बोल ना." आई म्हणायची, "बायांनो, मी देवी नाही. मला जरा आडवं होऊ द्या." बाया एकमेकींकडे बघून हसायच्या, देवी अशीच परीक्षा पाहते म्हणायच्या, आणि आणखी कुंकू लावायच्या. आईला तेवढा वेळ ताठ बसवून ठेवायला मी मागून तिचे खांदे धरायची. शाळेतून आल्यावर तेच माझं काम. तिचं अंग माझ्या हाताखाली कसं धडपडायचं ते अजून माझ्या तळव्यांना माहीत आहे.

आणि डोईफोडियाचा दगामामा. त्याचंही तसंच चालणं, तसेच हात. त्याला मात्र कुणी ओटी भरली नाही. त्याला गावानं दारुडा ठरवला. मामा दारूला शिवत नव्हता, कवे. बाजारच्या दिवशी पोरं त्याच्यामागून झोकांड्या खात चालायची. बहीण देवी आणि भाऊ बेवडा, आणि दोघांना एकच झालं होतं. दोघांनाही कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. न्यायचं काय होतं? एकीची पूजा चालली होती, दुसऱ्याची टिंगल.

बाबा बिचारे शेवटपर्यंत म्हणायचे की हे सगळं पिक्चरचं वेड आहे, ते हिच्या अंगात शिरलं. आईलाही ते थोडं खरं वाटत असावं. एकदा मी तिचे केस विंचरत होते, तर म्हणाली, "प्रती, मला कुणी नाच शिकवला नाही गं, आणि अंग बघ कसं ऐकत नाही." नंतर तिचं बोलणंच कळेनासं झालं.

इथे एक सांगते. पुढचं वाचायचं नसेल तर कागद इथेच मिटून कपाटात ठेव. तो तुझा हक्क आहे, खरंच. मी पुन्हा विचारणार नाही. तुझ्या मोनालीचं नसतं तर मी इथेच थांबले असते.

दिवाळीआधी मी स्वयंपाकघरात पडले, ते तुला गुडघ्याचं सांगितलं होतं. गुडघा चांगला आहे. रितेशनं मला इंदूरला नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, हळू बोलतात. त्यांनी मला सरळ रेषेवर चालायला लावलं, बोटं टेकवायला लावली, आणि मग आईबद्दल विचारलं. मी सांगत गेले. त्या लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, "मामा को भी था?" तेव्हाच मला कळलं. रक्त नंतर तपासलं. बोलावून, समोर बसवून, पाणी देऊन त्यांनी नाव सांगितलं. हंटिंग्टन. मेंदूचा आजार आहे, रक्ताच्या नात्यात उतरतो. मला उशिरा आला, आईला लवकर आला होता. बरा होत नाही. हातपाय थोडे शांत राहावेत म्हणून गोळ्या आहेत, त्या मी घेते.

ज्याला तो असतो त्याच्या प्रत्येक लेकराला तो असू शकतो किंवा नसू शकतो, शक्यता अर्धी-अर्धी. मला झाला म्हणून तुला झालाच असं नाही, आणि मला झाला म्हणून तू सुटलीस असंही नाही. हे मी त्यांना दोनदा विचारून घेतलं. तू सुटलीस असं त्यांच्या तोंडून यावं म्हणून.

मला मरणाची भीती कमी वाटते, कवे. मी आईसारखी पाटावर बसलेली असेन आणि मला सगळं कळत असेल, याची वाटते. रितेशची वाटते.  इंदूरहून येताना गाडीत, आसीरचा किल्ला मागे पडल्यावर तो म्हणाला, "मम्मी, मला टेस्ट नाही करायची. मला जाणूनच नाही घ्यायचं. मला लूम चालवू दे."

मी म्हटलं, "आणि हिमानी?"

"हिमानी मोठी होईल तेव्हाचं तेव्हा. तू माझ्यासमोर तिचे हात बघत जाऊ नको. मला दिसतं, तू बघते ते."

तो चुकीचा आहे असं मी म्हणू शकत नाही. मी बघते, हे खरं आहे. चुडामणकाकांच्या नातीच्या लग्नात मेंदीच्या दिवशी तू नाचलीस ना, जांभळ्या साडीत, सगळ्या जणी टाळ्या वाजवत होत्या, आणि मी तुझी बोटं बघत होते. मला काही दिसलं नाही. काही असतं तरी मी त्या दिवशी ते पाहिलं असतं की नाही, देव जाणे. तू मला ओढायला आलीस आणि मी गुडघ्याचं निमित्त केलं. तुला राग आला. म्हणालीस, "ताई, तू म्हातारी झालीस." मला केवढं बरं वाटलं, की तुला नुसतं म्हातारपण दिसलं.

मग संक्रांतीला तुझा निरोप आला की मोनाली मूल व्हावं म्हणून डॉक्टरकडे जाते आहे, आणि उन्हाळ्यानंतर ट्रीटमेंट सुरू होईल. त्या दिवसापासून मी तुझा फोन उचललेला नाही. माझी जीभ आता मधेच जड होते. तू लगेच विचारशील, आणि मी लगेच काहीतरी खोटं सांगेन. म्हणून हा कागद.

इंदूरच्या बाईंनी स्वतःहून सांगितलं होतं की घरात कुणी मुलाच्या विचारात असेल तर आधी कळवा. अशा ट्रीटमेंटमध्ये बाळात हा आजार येऊ नये म्हणून आधीच तपासता येतं. तुझ्यात नसेल तर मोनालीचा प्रश्नच मिटला. पण ते कळायला आधी तुला तपासावं लागेल, नाहीतर तिला. आणि तिच्यात निघाला तर तुझ्यातही आहे, हे तुला न तपासताच कळेल. मी किती रात्री हे उलटसुलट करून पाहिलं. तुला न सांगता मोनालीला सांगायची वाट शोधत होते. अशी वाट नाही. तुझ्या अंगणातूनच जावं लागतं.

मी गप्प राहू शकले असते. तुझी आणखी काही वर्षं हसतखेळत गेली असती. पण मग कधीतरी मोनालीच्या मुलानं तिला म्हटलं असतं, आई, ही स्टेप कोणती? मला ते सहन होत नाही. तू मला दोष दे. सांगितलं म्हणून दे, उशिरा सांगितलं म्हणून दे. फक्त उन्हाळा यायच्या आत काय ते ठरव.

यानंतर तुझा फोन आला की मी उचलेन. बोलणं अडखळेल. तू शब्द पुरवू नकोस, मला शोधू दे.

अजून हात लिहितो आहे तोवर वाटणी सांगून ठेवते. रितेशला मी बोलले आहे, पण तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

पिक्चरच्या गाण्यांच्या चोपड्या सगळ्या कानपूरच्या पोस्टमास्तरांना पाठवायच्या. ते जपतील. चवळीची सही असलेला फोटो हिमानीला, ती मोठी झाल्यावर. माझे घुंगरू गल्लीतल्या पोरींना. त्यांना खेळू दे. आईच्या ओटीत आलेले खण मी इतकी वर्षं ट्रंकेत ठेवले होते, त्यांची सूनबाईनं पायपुसणी केली तरी चालेल. आणि उद्या माझे हात बघून या गल्लीत कुणी खण-नारळ घेऊन आलीच, तर रितेशनं तिला चहा द्यावा, ओटी तिची तिला परत द्यावी आणि आजाराचं नाव सांगावं.

इंदूरच्या बाईंचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. तो तुझ्यासाठी.

पाकिटात एक फोटो आहे, तो मोनालीसाठी. तू कधी पाहिला नसशील. मिलच्या फोटोग्राफरनं क्वार्टरच्या दारात काढला होता. आई स्थिर बसू शकली नाही, म्हणून हात नुसते पांढुरके, पुसल्यासारखे आले आहेत. बाबांनी तो कधी भिंतीवर लावला नाही. चेहरा मात्र स्वच्छ आहे. ती हसते आहे, आणि हुबेहूब मोनालीसारखी दिसते. तो तू स्वतः तिच्या हातात दे, आणि हात असे का आले आहेत ते तिला सांग.

तुझ्या फोनची वाट बघणारी, आणि तो वाजेल म्हणून घाबरणारी,
ताई