नदीच्या अलीकडचा हत्ती

१७ सप्टेंबर १९९७, बुधवार

काल शरद पौर्णिमा, मूनकेक खायचा दिवस. पोट जड, मन हलकं. शनमावशी मला फेइंच्या घरी घेऊन गेली. मावशी म्हणजे आमची शेजारीण, लग्नं जुळवते. तिने जुळवलेली जोडपी अजून एकमेकांशी बोलतात, असं तिचं स्वतःचंच म्हणणं.

मुलगी सूछिन. कापडगिरणीत कामाला. वय अडतीस. आईचं आजारपण काढण्यात तिचं लग्न राहून गेलं. माझं चव्वेचाळीसपर्यंत का राहिलं, हे मावशीने इतक्या चांगल्या शब्दांत सांगितलं की मलाही काल पहिल्यांदाच कळलं.

वडील फेइकाका. बोलणं कमी. मला एकच विचारलं, बुद्धिबळ खेळतोस का? मी म्हणालो, थोडंफार. ते म्हणाले, मग ये की रविवारी बागेत.

निघताना सूछिन जिन्यापर्यंत आली. दिवा गेलाय, जपून उतरा, म्हणाली. तिखट सूप आवडतं का, असंही विचारलं. काय उत्तर दिलं आठवत नाही. डोक्यात बुद्धिबळ.

निश्चय: महिनाभरात बुद्धिबळ शिकायचं. काकांना हरवायचं. त्याच जागी मागणी घालायची. हरलेला माणूस नाही म्हणत नाही.

(इथे खोटं कशाला लिहू? कधी खेळलेलो नाही. पण लहानपणापासून बघतोय. बघण्यात अर्धं येतंच.)

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पट आणला, आपल्या चिनी बुद्धिबळाचा. सोंगट्या लाकडी, बिस्किटाएवढ्या, वर अक्षरं कोरलेली. मांडून पाहिल्या. चौकोनात नाही, रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे मांडायच्या, हे मला आधीपासून ठाऊक होतं. म्हणजे पाया पक्का आहे.

तांबड्या हत्तीवरचं अक्षर आणि मुलगी बघायला जाण्याच्या शब्दातलं अक्षर एकच! इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं. शुभ शकुन. कायम तांबड्यानेच खेळायचं.

हत्तीचा नियम वाचला. पटाच्या मधोमध नदी असते, ती हत्ती ओलांडत नाही. अलीकडे राहून राखण करतो. समजूतदार प्राणी.

२१ सप्टेंबर, रविवार

बागेत गेलो. चिनारांखाली दगडी पट आहेत. काका दुसऱ्या डावात गुंतलेले, म्हणून मला त्साओ नावाच्या म्हाताऱ्यासमोर बसवलं. पुढचे दात नाहीत. गिरणीत बॉयलरवर होता म्हणे.

माझा घोडा मस्त उडी मारणार, तर त्साओ म्हणाला, दादा, घोड्याचा पाय बांधलाय. मी विचारलं, कोणी बांधला? सगळी बाग हसली. घोड्याच्या लगेच पुढ्यात कोणी उभं असलं की त्याला त्या बाजूला उडी मारता येत नाही, असा नियम आहे. उभा कोण होता? माझाच हत्ती.

मी म्हणालो, दगड एका बाजूला कललाय, नीट दिसत नाही. त्साओ म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. या वयातही माणसं किती उथळ असतात.

हरलो. पण पहिल्या दिवशी हरणं ही स्ट्रॅटेजी आहे. काकांना माझी लेव्हल कळता कामा नये.

२८ सप्टेंबर, रविवार

तोफ शिकलो. तोफेला कोणाला मारायचं तर मध्ये एक सोंगटी लागते, तिच्या डोक्यावरून उडून मारायचं. मध्ये कोणी नसेल तर तोफ नुसती तोफ. शनमावशीचं काम हेच.

प्याद्याचंही लिहून ठेवतो. नदी ओलांडेपर्यंत सरळ जातं. पलीकडे गेलं की आडवंही चालतं. मागे मात्र कधीच फिरत नाही. पाठ केलं.

सूछिन आज बागेत आली. काकांसाठी डब्यात सूप, आणि एक डबा माझ्यासाठी. त्साओचा रथ माझ्या सेनापतीवर चालून येत होता, त्यामुळे डबा बाजूला ठेवला. निवलं. बाईमाणसाला टायमिंग कळत नाही. पण हेतू चांगला.

हरलो. ऊन डोळ्यांवर येत होतं.

५ ऑक्टोबर, रविवार

आज माझा स्वभाव दिसला सगळ्यांना.

मी त्साओशी खेळत होतो, काका माझ्या मागे उभे. सूछिन डबे ठेवून नुकतीच गेली होती. काका वाकून हळूच म्हणाले, वेमिन, डाव सोड जरा, तुला एक सांगायचंय. म्हणजे चाल सांगणार! मी मान वर न करता दगडावर बोट ठेवलं. प्रत्येक पटाच्या नदीत दोन ओळी कोरलेल्या असतात, एका तीरावर एक. पहिली: खेळ बघून जो गप्प राहतो तोच सज्जन. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. वर म्हणालो, काका, मला कोणाच्या मदतीने जिंकायचं नाही.

काका कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, बरोबर आहे तुझं, चुकलं माझं. त्यानंतर तोंडातून चकार शब्द नाही.

आब राहिला. असा जावई शोधून सापडणार नाही.

हरलो, पण तत्त्वाने.

७ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी सूछिन मी कामाला आहे त्या गोदामावर आली. मी फ्लास्कच्या खोक्यांवर पट मांडून प्रॅक्टिस करत होतो. ती म्हणाली, राष्ट्रदिनानंतर गिरणीने कामावरून कमी करायच्यांची यादी लावली, त्यात माझं नाव आहे. बहीण नदीपलीकडे शिनश्यांगला बोलावतेय, तिच्या शिवणाच्या दुकानात. तिथेच एक बसड्रायव्हर आहे, बायको वारलेला, तोही विचारतोय. तुम्हाला काय वाटतं?

मी म्हणालो, जरा थांबा, तोफ अडकलीय.

थांबली बराच वेळ. मग म्हणाली, बरं, येते.

लग्नाआधीच माझं मत विचारते, म्हणजे माझ्याबद्दल आदर आहे. मत देईनच, पण काकांना हरवल्यावर. रिकाम्या हाताने दिलेल्या मताला वजन नसतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. दुहेरी नवमी, म्हणजे नवव्या महिन्याच्या नवमीचा सण.

पोटदुखीची रजा टाकून काकांशी पहिला डाव.

हरलो. पण कसा? अगदी थोडक्यात. म्हणजे फक्त सेनापती गेला, बाकी बरेच जण जिवंत होते. दोन्ही सेनापती एका रेघेत समोरासमोर आले आणि मध्ये कोणी नसेल तर ज्याची चाल त्याने समोरचा उचलावा, असा प्रकार आहे. मध्ये माझं प्यादं होतं. मीच ते बाजूला नेलं. दोन सेनापतींनी एकमेकांचं तोंडही बघू नये, हा कुठला शिष्टाचार?

मी लगेच ती चाल मागे घेतली. याआधी एक घेतली होती, पण ती हात निसटल्यामुळे. दगडावरची दुसरी ओळ अशी आहे: टाकलेली चाल मागे घेत नाही तो खरा मर्द. त्साओने ती मोठ्याने वाचली. काका त्याला म्हणाले, घेऊ दे रे, इथे घेता येते. मग माझ्याकडे नुसते बघत राहिले. काहीतरी बोलतील असं वाटलं, पण बोलले नाहीत. शिस्त पाळतात आता.

मागे घेऊनही हरलो.

१९ ऑक्टोबर, रविवार

पाऊस. बाग बंद. घरी स्वतःशीच खेळलो. तांबडा जिंकला. आत्मविश्वास वाढला.

शनमावशी छत्री निथळत आत आली आणि दारातूनच सुरू झाली. अरे, लोकांचे उतावळे नवरे गुडघ्याला बाशिंग बांधतात, आणि तू गुडघ्यात मान घालून बसलायस! बोलणी कधी करायची? त्या पोरीने अजून कोणाला होकार दिलेला नाही, कोणासाठी थांबलीय ती? मी शांतपणे सांगितलं, मावशी, काकांना हरवल्यावर. मावशी म्हणाली, लग्न म्हाताऱ्याशी करायचंय का तुला? आणि पटावरचा माझा घोडा उचलून खिडकीबाहेर फेकला.

घोडा सापडला. जरा फुगलाय.

२ नोव्हेंबर, रविवार

काकांशी आजचा डाव धरून आत्तापर्यंत सगळे हरलोय, पण हरण्याची क्वालिटी सुधारतेय. त्साओसुद्धा आज म्हणाला, आता निदान बघायला लाज वाटत नाही.

सूछिन हल्ली बागेत येत नाही. डबेही नाहीत. थंडी वाढली, त्यामुळे असेल.

काकांना जाहीर आव्हान दिलं. पुढच्या रविवारी, नऊ तारखेला, सकाळी. निर्णायक डाव. काकांनी विचारलं, रविवारीच? शनिवारी नाही का चालणार? मी म्हणालो, शनिवारी स्टॉक मोजायचा असतो. ते काही बोलायला गेले, दगडाकडे पाहिलं आणि गप्प बसले.

घाबरलेत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सूछिन गोदामावर आली. कागदात गुंडाळलेले कापसाचे बूट दिले. तिने स्वतः शिवलेले. म्हणाली, बागेतले दगड गार असतात, पाय सांभाळा. मग म्हणाली, शनिवारी दुपारच्या बसने शिनश्यांगला चाललेय. तुम्ही शनिवारी काय करताय?

मी म्हणालो, स्टॉक. आणि तुम्ही रविवारी सकाळी परत या, माझा डाव बघायला या. तुमच्या फायद्याचं आहे.

ती हसली. डोळे पुसल्यासारखे केले. गोदामात पेंढ्याची धूळ फार.

हसली, म्हणजे येणार.

बूट अगदी मापाचे आहेत. माप कधी घेतलं कोण जाणे.

८ नोव्हेंबर, शनिवार

स्टॉक मोजला. दुपारी उगाचच मोजणी चुकली. पुन्हा मोजला.

उद्या तोफेने सुरुवात. मग घोडा, पण हत्ती आधी बाजूला. मागणी घालायचं वाक्यही तयार आहे: काका, डाव मी जिंकला, आता घर तुमच्या मुलीला जिंकू द्या. तीनदा मोठ्याने म्हणून बघितलं. छान वाटतं.

९ नोव्हेंबर, रविवार

नोंद राहावी म्हणून आधी हे लिहितो: जिंकलो.

नवे बूट घालून गेलो. काका आधीच येऊन बसले होते, चहाचा फ्लास्क, दोन कप. सूछिन दिसली नाही. बस लेट असेल म्हटलं. काकांनी रथ थेट माझ्या तोफेच्या तोंडी दिला. मी घेतला. मग त्यांनी सेनापतीपुढचे मंत्री हलवले आणि मी मात केली. त्साओ म्हणाला, आंधळ्याला दिसली असती ती चाल, काकांनी मुद्दाम दिली. जळका माणूस. काका त्याला म्हणाले, तू जा, घरी जेवायला वाट बघत असतील. तो गेला.

मी उभा राहिलो आणि माझं वाक्य म्हटलं. पूर्ण.

काकांनी कपात चहा ओतला, माझ्याकडे सरकवला. म्हणाले, वेमिन, ती काल गेली. त्या ड्रायव्हरला होकार दिलाय तिने. लग्न तिकडेच आहे, हिवाळ्यात. काल स्टँडवर शेवटपर्यंत रस्त्याकडे बघत होती. मला म्हणाली, बाबा, दुसऱ्या बसने जाते. मग तिसऱ्या बसने गेली.

मी म्हणालो, काका, मला सांगायचं तरी होतं तुम्ही! ओरडलोच मी. आजूबाजूचे डाव थांबले.

काका म्हणाले, सांगायला आलो होतो, बाळा. ऑक्टोबरात. मग त्यांनी दगडावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मी ठेवलं होतं तिथेच. म्हणाले, तू म्हणालास, कोणाच्या मदतीने जिंकायचं नाही. मला पटलं. आयुष्यभर लोकांच्या डावात तोंड घालत आलो, एकदा तरी सज्जन व्हावं म्हटलं. मोठी चूक झाली.

मग म्हणाले, मला खेळणारा जावई नको होता रे. नुसता सोबतीला बसणारा हवा होता. पहिल्या दिवशी तेवढ्यासाठीच विचारलं.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इतकं की सोंगट्यांवरची अक्षरं दिसेनात.

मी म्हणालो, नववर्षाला येईल की घरी, तेव्हा बोलतो. काकांनी नदी ओलांडलेल्या एका प्याद्यावर बोट ठेवलं. मला नियम पाठ आहे.

मग ते म्हणाले, शिनश्यांगला तासाला एक बस असते. अजून लग्न झालेलं नाही. मी विचारलं नव्हतं, तेच म्हणाले. स्टँड बागेच्या फाटकासमोरच आहे. इथून हॉर्न ऐकू येतो.

मी म्हणालो, या बुटांनी स्टँडच्या चिखलात कसं जाणार, खराब होतील.

काकांनी चहाचे कप बाजूला ठेवले. मग त्यांनी सोंगट्या गोळा केल्या आणि पुन्हा मांडायला घेतल्या. तांबड्या माझ्याकडे. म्हणाले, चल, तुझी पहिली चाल.

हॉर्न वाजला. मी हत्ती हलवला.